स्टेजचा पायगुण

“अक्का, मला स्टेज बिघडवून पाहिजे,” मल्लिनाथअण्णा फोनवर म्हणाले.

मी सोल्डरिंग गन खाली ठेवली. इतक्या वर्षांत लोकांनी मला बिघडलेल्या वस्तू नीट करायला सांगितल्या होत्या. नीट केलेल्या परत बिघडल्या म्हणून भांडायलाही आले होते. चांगली चाललेली वस्तू बिघडवून द्या म्हणणारं गिऱ्हाईक पहिलंच.

“बिघडवून म्हणजे काय अण्णा?”

“म्हणजे आपोआप फिरलं पाहिजे. साखरपुड्यात फिरलं तसं. उद्या अकलूजचे पाहुणे यायलेत. त्यांच्या डोळ्यांदेखत फिरलं पाहिजे की. न्हाय फिरलं तर माझ्या पोरीचं, शिल्पाचं, लग्न मोडलंच म्हणून समजा.”

अण्णा कधी फोनवर रडवेले झालेले मी ऐकले नव्हते. मी म्हटलं, येते सकाळी.

माझं काम रिमोटचं. वडील यंत्रमागावर होते, घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला तेव्हा वर्गात आम्ही दोनच मुली. आधी टीव्ही दुरुस्त करायचे. टीव्ही पातळ झाले तसा तो धंदाही पातळ झाला. मग लोकांच्या घरात रिमोट वाढले. टीव्हीचा एक, सेटटॉप बॉक्सचा एक, एसीचा, पंख्याचा, लाइटचा. सगळे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरून रबर लावलेले, आणि हवा तो कधीच सापडायचा नाही. मी या सगळ्यांचं काम करणारा एकच रिमोट बसवून देते. त्याला युनिव्हर्सल रिमोट म्हणतात. तो येतो तेव्हा कोरा असतो. प्रत्येक बटणाला शिकवावं लागतं, तू हे बोलायचं, तू ते बोलायचं. आमचे हे म्हणतात, “रिमोट तुझं ऐकतात म्हणून तुला हा धंदा आवडतो.” खोटं नाही.

अण्णांचं मंगल कार्यालय अक्कलकोट रोडला आहे. यंदा त्यांनी ते नवं केलं आणि हौसेनं फिरतं स्टेज बसवलं. चौथऱ्यात बसवलेली मोठी गोल चकती, तिच्यावर नवरा-नवरीचा सोफा, सोफ्यामागं चकतीवरच उभा केलेला फुलांचा पडदा. नवरा-नवरीनं पडद्यामागं बसायचं, बटण दाबलं की चकती अर्धी फिरणार आणि जोडी लोकांसमोर येणार. एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. फिरतं जात्यासारखं, सावकाश.

मी पोचले तेव्हा अण्णा दारातच उभे होते. आत सगळं चकचकीत. आदल्या दिवशी स्वामींना, म्हणजे त्यांच्या लिंगायत पुरोहितांना, बोलावून वास्तूची पूजा करून घेतली होती. नारळाची शेंडी अजून उंबऱ्याशी पडली होती. खांबांना, जनरेटरला, कॉफीच्या मशीनला, बाहेरच्या गाडीला, सगळ्यांना विभूतीचे तीन-तीन पट्टे. आपल्याकडे हे इतकं नेहमीचं आहे की माझ्या डोळ्यांनी ते पाहिलं आणि सोडून दिलं.

“आता सांगा. साखरपुड्यात काय झालं?”

अण्णांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

“नवरदेव स्टेजवर उभा होता. आमचे स्वामी मंत्र म्हणत होते. लोकांतनं कुणीतरी ओरडलं, आवाज येत न्हाय, आवाज येत न्हाय. तेवढ्यात शिल्पानं उजवा पाय स्टेजवर टाकला. आणि स्टेज सुटलं की!”

“सुटलं म्हणजे फिरलं.”

“फिरलं. शिल्पानं पाय मागं घेतला. नवरदेव सोफ्यासकट, पडद्यासकट गेला मागं. आणि मागचं पुढं आलं.”

“मागं काय होतं?”

उत्तर शिल्पानं दिलं. ती मघापासून ऑफिसच्या दारात उभी होती. फार्मसी झालेली, औषधाच्या दुकानात स्वतः काउंटर सांभाळणारी मुलगी.

“मागं आचारी होता, मावशी. बनियनवर. क्रेटवर बसून भाकरी आणि शेंगाचटणी खात होता. त्याला वाटलं मागं सावली आहे, कुणी येत नाही. मी पाय ठेवला, नवरदेव गेला आणि आचारी आला.”

मला हसू आलं. ते मी खोकल्यात घातलं. शिल्पा हसली नाही.

“आचारी बिचारा उठून मला नमस्कार करायला लागला. मग स्टेज थांबलं. परत सुटलं. परत थांबलं. अर्धा ओंकार दिसतोय, अर्धा आचारी. दोनशे लोक बघतायत.”

ओंकार म्हणजे नवरदेव. त्याच्या आईचं, महानंदाबाईंचं, म्हणणं असं पडलं की मुलीनं पाय ठेवला आणि मुलगा दिसेनासा झाला, तेव्हा हा पायगुण आहे. लग्न मोडा असं त्या म्हणत नव्हत्या. आधी मुलीच्या पायाची शांत करा, मग अक्षता, एवढंच.

“मग करून टाकायची शांत,” अण्णा माझ्याकडे बघत म्हणाले. म्हणजे हे आधी घरात बोलून झालेलं होतं.

“अप्पा, शांत केली म्हणजे मी कबूल केलं की माझ्या पायात काहीतरी आहे,” शिल्पा म्हणाली. “उद्या त्यांच्या घरी दूध उतू गेलं तरी माझा पाय. म्हैस आटली तरी माझा पाय. शांत होणार असेल तर मी लग्न करणार नाही. ओंकारला सांगितलंय मी. त्याला पटतं, पण आईसमोर त्याचं तोंड उघडत नाही.”

“एन माडोदु, अक्का?” अण्णा म्हणाले. काय करायचं, असं ते अगदी टेकीला आले की कानडीत विचारतात. “मी पाहुण्यांना शब्द देऊन बसलोय. मशीनचा दोष हाय, या, डोळ्यांनी बघा म्हणून.”

“स्टेजचा रिमोट त्या दिवशी कुणाकडे होता?”

“तेच तर! कुणाकडंच न्हाय. पोरंसोरं बटण दाबतील म्हणून मी सकाळीच कपाटात घालून कुलूप लावलं. किल्ली माझ्या करदोऱ्याला.” त्यांनी सदरा उचलून दाखवली. “म्हणून तर त्या बाई म्हणतात, रिमोट कुलपात, मग फिरवलं कुणी?”

प्रश्न बरोबर होता. शिल्पाच्या परीक्षेत टीव्हीचा रिमोट कपाटात घालायची सवय, तीच अण्णांनी स्टेजला लावली होती. फक्त रिमोट कुलपात घातला म्हणजे मशीन कुलपात जात नाही. मशीनचा कान उघडाच राहतो.

इथं थोडं समजावून सांगते. रिमोटच्या टोकाला एक बारीक बल्ब असतो, एलईडी. त्यातून येणारा प्रकाश इन्फ्रारेड असतो, आपल्या डोळ्याला दिसत नाही. तो नुसता पेटत नाही, फार वेगानं उघडझाप करतो आणि त्या उघडझापीतून बोलतो. समोरच्या मशीनला एक काळी काचेसारखी टिकली असते, तो रिसीव्हर. आम्ही त्याला डोळा म्हणतो. कशी उघडझाप केली म्हणजे काय अर्थ घ्यायचा, याचे ठरलेले नियम असतात. त्याला प्रोटोकॉल म्हणतात. सोलापूरच्या माणसाला हे सोपं आहे. आमच्या गल्लीत कुणी तेलुगूत हाक मारली तर तेलुगूवाले वळून बघतात, कानडीवाले आपलं काम करत राहतात. तसंच हे. एसीची भाषा वेगळी, म्हणून टीव्हीचं बटण दाबल्यावर एसी ढिम्म हलत नाही.

पण एकाच भाषेतली दोन मशीन असली तर? म्हणून प्रत्येक हाकेच्या सुरुवातीला पत्ता असतो आणि मग हुकूम. अमक्या नंबरच्या मशीनने तमकं करावं. चांगल्या कंपन्या आपापला पत्ता घेतात. स्वस्तातला माल बनवणारे पत्ता टाकायचा कंटाळा करतात आणि शून्य ठेवून देतात. मग दहा मशीन एकाच घरात राहायला येतात आणि पोस्टमन एका हाकेत दहा जणांना उठवतो.

“अण्णा, हॉलमधले सगळे रिमोट टेबलावर आणा,” मी म्हटलं.

आले. स्टेजचा, लाइटचा, धुराच्या मशीनचा, प्रोजेक्टरचा. माझ्याकडे रिसीव्हरची एक छोटी पट्टी आहे, ती लॅपटॉपला लावायची, समोर रिमोट धरून बटण दाबायचं, स्क्रीनवर पत्ता आणि हुकूम उमटतो. स्टेजच्या रिमोटचा पत्ता शून्य निघाला. बाकी कुणाचा हुकूम त्याच्याशी जुळेना.

“आणखी एखादा रिमोट राहिलाय?”

“सौंडचा इरफानकडं असतो,” शिल्पा म्हणाली.

इरफानभाई अण्णांकडे वर्षानुवर्षं साउंड सांभाळतात. ॲम्प्लिफायर स्टेजच्या कडेला, आणि ते स्वतः रिमोट घेऊन लोकांच्यात उभे राहतात. आवाज कसा येतो ते लोकांच्यात उभं राहिल्याशिवाय कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी खिशातून रिमोट काढला. मी आवाज वाढवायचं बटण दाबलं. स्क्रीनवर ओळ उमटली. पत्ता शून्य. हुकूम तोच, स्टेज फिरवायचा.

मी दोनदा बघितलं. मग खुर्चीला टेकले. ॲम्प्लिफायरशी “आवाज वाढव” बोललं की शेजारचं स्टेज “फिर” असं ऐकत होतं. इरफानभाईंनी त्या दिवशी आवाज वाढवला, स्टेज सुटलं. गलका झाला, स्वामींचा आवाज त्यावर जावा म्हणून त्यांनी परत वाढवला, स्टेज थांबलं. आणखी वाढवला, आणखी सुटलं.

“मैं क्या किया?” इरफानभाई घाबरून म्हणाले.

“काही नाही. तुम्ही आवाज वाढवलात.”

“वो तो मेरा कामच है.”

शिल्पानं स्क्रीनवरच्या दोन ओळी बोटानं वाचल्या. एकीखाली एक, सारख्या. मग माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मला ती पोर फार आवडली त्या क्षणी.

“चला, एकदा फिरवून बघू,” मी उठले.

“न्हाय!” अण्णा आडवे झाले. “पाहुण्यांच्या आधी फिरवायचं न्हाय. त्यांच्या मागं फिरलं आणि त्यांना कळलं तर म्हणतील तालीम करून नाटक दाखवलं. पहिल्यांदा फिरंल ते त्यांच्यासमोर.”

तपासल्याशिवाय गिऱ्हाइकासमोर बटण दाबू नये, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. मी तो अण्णांना सांगितला. अण्णांनी मला कॉफी सांगितली.

दुपारी पाहुणे आले. ओंकार, त्याचे वडील आणि महानंदाबाई. वडील पहिल्या खुर्चीत बसले आणि शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. साखर कारखान्याच्या सभांना जाऊन जाऊन अशी सवय लागते म्हणे. महानंदाबाई ठसठशीत, कपाळाला विभूती, हिरवं इरकल, बसण्याआधी त्यांनी सगळ्या हॉलवर एक नजर फिरवली. ती शिल्पाच्या पायांवर येऊन थांबली. शिल्पानं पाय मागं घेतले नाहीत.

मी उभी राहून सांगायला सुरुवात केली. प्रकाश, पत्ता, हुकूम. महानंदाबाई ऐकत होत्या, पण पोथी ऐकावी तसं. म्हणून मी इरफानभाईंचा जुना फोन घेतला, त्याचा सेल्फी कॅमेरा चालू केला आणि समोर रिमोट धरला. डोळ्याला न दिसणारा तो प्रकाश साध्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा दिसतो. हे कुणीही घरी करून बघावं. बटण दाबलं की स्क्रीनवर रिमोटच्या टोकाला जांभळट ठिणगी लुकलुकते.

“बघा. नुसत्या डोळ्यांनी दिसतंय काही?”

“न्हाय.”

“आता फोनमध्ये?”

त्यांनी मान वाकवून बघितलं. “अगं बया. हाय की.”

“हाच तो प्रकाश.”

“म्हंजे डोळ्याला दिसत न्हाय, पर हाय.”

“हो.”

“हवेतनं जातुया.”

“हो.”

“आन् जितं जाईल तितलं हालवतुया.”

“...हो.”

“मंग मी काय येगळं म्हनतीय, बाई?”

ओंकारनं तोंडावर हात धरला. मी फोन परत दिला. काही माणसांना समजावून सांगू नये, करून दाखवावं. मी इरफानभाईंना त्यांच्या नेहमीच्या जागी उभं केलं आणि म्हटलं, “आवाज वाढवा.”

त्यांनी बटण दाबलं. ॲम्प्लिफायरची लाल लाइट लुकलुकली, स्पीकर घुमले. स्टेज हललं नाही.

“परत.”

काही नाही. मी रिमोट स्वतः घेतला. दोन पावलं पुढं जाऊन दाबलं. आणखी पुढं जाऊन दाबलं. मग अण्णांनी करदोऱ्याची किल्ली काढून स्टेजचा खरा रिमोट आणला, तोही दाबला. स्टेज आपलं बसलेलं. स्पीकरमधून नुसती घरघर यायला लागली, कारण आवाज शेवटपर्यंत वाढला होता. माझे कान तापले. इतक्या वर्षांत वस्तू चालत नाही म्हणून लाज वाटली होती, आज वस्तू बिघडत नाही म्हणून वाटत होती.

महानंदाबाई शांतपणे म्हणाल्या, “अण्णा, स्वामींनी पूजा कवा केली?”

“काल.”

“काल विभूती लावली, आज स्टेज थांबलं. कळलं का? व्हतं कायतरी. ते बांधलं गेलं.” त्यांनी हात जोडले. “आता पोरीच्या पायाची शांत तेवढी उरकून घ्या, म्हंजे झालं.”

अण्णांचा चेहरा उजळला. दोन पूजा आणि लग्न शाबूत, असा त्यांचा हिशोब. त्यांनी मला डोळ्यांनी खुणावलं, अक्का, आता गप. शिल्पा उठून उभी राहिली. आवाज न चढवता म्हणाली, “मग माझं नाही. ओंकार, मी तुला सांगितलं होतं.”

ओंकार उठला, बसला, परत उठला. तोंड काही उघडेना.

मला राग आला. त्याचा आला, अण्णांचा आला, सगळ्यात जास्त त्या स्टेजचा आला. साखरपुड्यात एका चांगल्या मुलीला बदनाम करायला आपोआप फिरलंस, आणि आज तिच्या बाजूनं साक्ष द्यायची तर मुकं झालंस? मी तरातरा चौथऱ्यावर चढले. रिमोटचं ऐकणारी स्टेजची पेटी चकतीच्या कडेला, कमानीच्या खांबावर छातीइतक्या उंचीला बसवलेली. तिथं पोचायचं तर चकतीवर उभं राहावं लागतं. मी पेटीसमोर उभी राहिले आणि मला ते दिसलं, जे मी सकाळपासून बघत होते.

विभूतीचे तीन पट्टे. ओल्या विभूतीचे, जाड, आता वाळून खडू झालेले. स्वामींनी प्रत्येक मशीनच्या कपाळाला विभूती लावली होती. पण मशीनचं कपाळ कुठं असतं? पेटीच्या वरच्या भागात, मधोमध, एक काळी टिकली दिसली. माणसाला ते कपाळच वाटणार. मधला पट्टा बरोबर तिच्यावरून गेला होता. स्टेजचा डोळा लिंपला होता. ॲम्प्लिफायरच्या नशिबी तेच आलं होतं, पण आकडे दिसेनात म्हणून इरफानभाईंनी ते सकाळीच हळूच झटकलं होतं.

“डोळ्यावर विभूती आहे,” मी वळून म्हणाले. “प्रकाश आत जात नाही. म्हणून फिरत नाही.”

“म्हंजे विभूतीनंच थांबलं,” महानंदाबाई म्हणाल्या.

“हो, पण...”

“झालं की मंग.”

“ती पुसते आणि दाखवते.”

“पुसू नगा!” महानंदाबाई आणि अण्णा एका सुरात ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा व्याही-विहिणींचं एकमत झालं होतं. स्वामींच्या हातची विभूती फडक्यानं पुसायची? अण्णांनी तर कानाच्या पाळ्या धरल्या.

मी अडकले. फडकं हातात, गुन्हेगार समोर, आणि त्याचं तोंड उघडायची परवानगी नाही. तेव्हा शिल्पा पुढं आली. चौथऱ्यावर चढली, चप्पल खाली काढून. उजवा पाय उचलला आणि सगळ्यांच्या देखत चकतीवर ठेवला. मग डावा.

“पुसत नाही,” ती म्हणाली. “स्वामींची विभूती आहे, प्रसाद म्हणून घेते.”

तिनं तीन बोटं पेटीवर ओढली आणि आपल्या कपाळाला लावली. याला कोण काय बोलणार? मी मनात म्हटलं, पोरी, तू औषधाच्या दुकानात काय करतेस, तू वकील व्हायचीस.

एकदा घेऊन सगळी निघाली नव्हती. टिकलीवर अजून पांढरट थर होता. शिल्पा आणि मी खाली उतरलो, आणि मग जे झालं ते मी ठरवलं नव्हतं. होणाऱ्या सुनेनं प्रसाद घेतला आणि आपण मागं राहायचं, हे महानंदाबाईंना सोसलं नाही. त्या पदर खोचून चौथऱ्यावर चढल्या. चकतीवर गेल्या. पेटीला नमस्कार केला आणि अंगठ्यानं उरलीसुरली विभूती अशी निगुतीनं निरपून घेतली की मी कापसानं पुसली असती तरी इतकी स्वच्छ झाली नसती. काळी टिकली लखलखली.

त्या पेटीसमोर उभ्या होत्या, म्हणजे रिमोट आणि डोळा यांच्यामध्ये. मी थांबले. त्या बाजूला सरल्या, सोफ्याला टेकून विभूती कपाळाला लावायला लागल्या. मी आवाज वाढवायचं बटण दाबलं. मुद्दाम दाबलं, हे सांगून टाकते.

स्टेज सुटलं.

“आता गं बाई!” म्हणून महानंदाबाई सोफ्यावर बसल्या. सोफा, फुलांचा पडदा आणि त्या, सगळं सावकाश वळलं आणि मागं गेलं. पुढं पडद्याची पाठ आली. प्लायवूड, खिळे, वाळत घातलेले आचाऱ्याचे दोन पंचे. पलीकडून “ओंकार! आरं ओंकार!” अशी हाक आली. ओंकार धावला, पण कुठल्या बाजूनं धावावं ते त्याला कळेना. तो इकडून गेला आणि त्या तिकडून पुढं आल्या. पदर नीट, हात मांडीवर, चेहरा फोटोला बसल्यासारखा. थांबवलं नाही तर चकती थांबत नाही. त्या आमच्यासमोरून परत मागं गेल्या.

“मावशी, पुरे,” शिल्पानं माझ्या हातातून रिमोट घेतला. दुसऱ्या फेरीला महानंदाबाई बरोबर समोर आल्या तेव्हा तिनं बटण दाबलं. स्टेज थांबलं.

महानंदाबाईंनी आधी खाली आपल्या पायांकडे बघितलं. मग शिल्पाच्या हातातल्या रिमोटकडे.

“दे हिकडं.”

शिल्पानं दिला. बाईंनी सोफ्यावर बसूनच पेटीकडे रोखून बटण दाबलं. स्टेज हललं. दाबलं. थांबलं. परत दाबलं. मला वाटतं शेवटची फेरी त्यांनी खात्री करायला घेतली नव्हती.

“म्हंजे त्या दिशी ह्या सौंडवाल्यानं फिरवलं,” त्या शेवटी म्हणाल्या. “काय रं, तुला कुनी सांगितलं व्हतं आवाज वाढवायला?”

इरफानभाई कोपऱ्यात मशीनला चिकटून उभे होते.

“अम्मा, तुमीच बोले ना. पैले लाइन में बैठके. आवाज येत न्हाय, आवाज येत न्हाय, वाढव की रे म्हणून. मेरेकू हाथ भी दिखाए.”

अण्णांनी टोपी डोक्यावर ठेवली, काढली. पहिल्या खुर्चीतल्या वडिलांनी पहिल्यांदाच मान हलवली. होय अशी. त्यांना पहिल्यापासून आठवत असावं.

महानंदाबाई उठल्या. चकतीवरून खाली उतरल्या, जपून, आधी एक पाय, मग दुसरा. शिल्पासमोर आल्या. अंगठ्याला अजून थोडी विभूती होती, ती त्यांनी तिच्या कपाळावरच्या पट्ट्यांवर नीट केली.

“पोरी,” त्या म्हणाल्या, “त्या दिशी तुजा पाय न्हवता. माजं तोंड व्हतं.”

शिल्पा तेव्हा रडली. इतका वेळ रडली नव्हती.

लग्न ठरल्या तिथीला झालं. शांत झाली नाही. मी स्टेजच्या पेटीतलं रिसीव्हरचं सर्किट काढून त्याला स्वतःचा पत्ता असलेलं बसवलं आणि सगळ्या हॉलसाठी एकच युनिव्हर्सल रिमोट तयार केला. स्टेजचं बटण दाबून धरल्याशिवाय चालत नाही अशी सोय केली. तो रिमोट अण्णांच्या कपाटात गेला नाही. महानंदाबाईंनी तो मागून घेतला आणि पहिल्या रांगेत मांडीवर घेऊन बसल्या. जोडी पुढं आणली ती त्यांनीच, अगदी वेळेवर. अक्षतांच्या वेळी स्वामींचा आवाज जरा कमी येत होता. त्यांनी मागं वळून बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं. मग इरफानभाईंना बोटानं खूण केली, हळूच.

अण्णांनी पुन्हा पूजा करून घेतली, ती करणारच होते. म्हणून मी प्रत्येक मशीनला, डोळ्यापासून लांब, पितळेची एक गोल चकती चिकटवून दिली. स्वामींनी विचारलं, हे काय. मी म्हटलं, कपाळ.

या कामातून मी दोन गोष्टी शिकले. एकाच छपराखालच्या प्रत्येक मशीनला स्वतःचा पत्ता असावा, नाहीतर एकाचं बोलणं दुसऱ्याला लागतं. आणि मशीनचं कपाळ डोळ्यापासून वीतभर तरी दूर असावं. पुण्यातल्या माझ्या सप्लायरला हे सांगितलं तर तो म्हणाला, मशीनला कपाळ कशाला लागतंय? मी म्हटलं, तुमच्याकडे लागत नसेल. आमच्याकडे लागतं.